आईने पाणी मागितलं नाही

कुरवंड्याहून मी निघाले तो फेब्रुवारीतला रविवार होता. दारात लोणावळ्याहून बोलावलेली गाडी उभी होती आणि अंगणात सहा पाहुणे जेवायला बसले होते. पाहुणे म्हणजे नागफणीचा डोंगर चढून आलेली पुण्या-मुंबईची पोरं. वडील गेल्यावर आईने घरात पिठलं-भाकरीचं जेवण द्यायला सुरुवात केली होती, आणि सुट्टीच्या दिवशी आमचं अंगण भरलेलं असायचं. दादा माझ्या बॅगा डिकीत कोंबत होता, वहिनी ओवाळणीचं ताट घेऊन ताटकळली होती, आणि आई चुलीपुढून उठत नव्हती. पंगतीतून कोणीतरी हाक मारली होती, "मावशी, अजून एक भाकरी!"

मला राग आला होता. मुलगी इंग्लंडला चाललीय, पुन्हा कधी येईल माहीत नाही, आणि हिला भाकरी सुचतेय. पण ती भाकरी वाढून, हात पदराला पुसत आली, आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "तितं लाजू नगं बरं का सुमे. भूक लागली, तान लागली, तर मागायचं. त्वांड दिलंय ना देवानं? सांगितल्याबिगर कुनाला कसं कळंल?"

हे ती पाहुण्यांनाही सांगायची. ताट पुढे ठेवलं की म्हणायची, "लाजू नगा. हाक मारा मला." तिला हाक मारलेली आवडायची. ज्या घरात कोणी हाक मारत नाही ते घर तिला ओसाड वाटायचं. एकदा एक मुलगी अर्धपोटी उठून गेली, मागायला लाजली म्हणून, तर आई दोन दिवस तेच बोलत होती. "उपाशी उठली गं ती पोर. एक हाक मारायची व्हती."

मी तळेगाव दाभाड्याला नर्सिंग शिकले, तिथल्याच एका हॉस्पिटलात चार वर्षं काम केलं, मग परीक्षा दिल्या आणि उत्तर इंग्लंडमधल्या एका लहान शहरात नोकरी मिळाली. नवरा महेश तळेगावचाच. तो मागाहून आला. त्या पहिल्या प्रवासात मी एकटी होते आणि विमानात पहिल्यांदाच बसत होते.

सीट मिळाली, पट्टा बांधता आला, आणि दोन तासांनी घसा कोरडा पडला. समोरून एक हवाई सुंदरी चालली होती. हॉस्पिटलातल्या सवयीने माझ्या तोंडून निघालं, "सिस्टर!" मी हातही वर केला होता, बसमध्ये कंडक्टरला करतात तसा. ती वळली, हसली, पाणी घेऊन आली. तिला काहीच वाटलं नसावं. पण माझ्या शेजारी एक बाई होत्या, पन्नाशीच्या, शुद्ध पुणेरी मराठी बोलणाऱ्या. ती मुलगी गेल्यावर त्या माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाल्या, "रागावू नका हं, पण असं हात करून नाही बोलवायचं त्यांना. वर बटण आहे ना. आणि तेही ऊठसूट नाही दाबायचं. जेवण वाढत असतात तेव्हा तर मुळीच नाही. 'एक्सक्यूज मी' म्हणायचं, आणि प्रत्येक वेळी 'प्लीज'."

त्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं असेल. मी "हो, हो" म्हणत राहिले आणि कान तापत गेले. पुढचे सात तास मी काही मागितलं नाही. त्या बाई जे करतील ते चोरून बघत राहिले. त्यांनी ट्रेवरचं झाकण कसं काढलं, चहा नको असेल तर कपावर तळहात कसा ठेवला, कचरा कसा एकत्र करून दिला. उतरेपर्यंत मला सगळं पाठ झालं होतं.

तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलेत त्यांना हे नव्याने सांगायला नको. आपण नोकरी शिकतो, थंडी शिकतो, रस्ता कुठून ओलांडायचा ते शिकतो, आणि सगळ्यांत आधी शिकतो लाज. आमच्या घरात 'प्लीज'ला शब्द नव्हता. "पानी दे गं" म्हटलं की पुरे व्हायचं. इथे मी तीन महिन्यांत 'इफ यू डोन्ट माइंड' शिकले, 'व्हेनेव्हर यू गेट अ मिनिट' शिकले. सुट्टी मागायची तर आधी दोनदा सॉरी म्हणायला शिकले. वॉर्डमध्ये प्रत्येक पेशंटच्या उशाशी बेल असते. काही म्हातारी माणसं ती कधीच दाबत नाहीत. तहानलेली पडून राहतात, पण नर्सला कशाला त्रास म्हणून गप्प बसतात. अशांच्या हातात मी स्वतः बेल ठेवायचे आणि सांगायचे, "ही दाबायचीच. मी इथे त्यासाठीच आहे." दिवसातून दहा वेळा सांगायचे. आणि माझ्या आईला मी जे शिकवलं ते नेमकं याच्या उलटं होतं.

त्याचं असं झालं. माझी मुलगी इरा वर्षाची झाली तेव्हा मी तिला घेऊन गावी आले होते. परतताना आईला बरोबर घेतलं, चार महिन्यांसाठी. मुंबईहून दुपारचं विमान. आईने नवं नऊवारी नेसलं होतं आणि पिशवीत भाजके शेंगदाणे घेतले होते. विमान वर गेलं तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. मग सगळं स्थिरस्थावर झाल्यावर हात सोडला आणि ती आपल्या अंगणात असल्यासारखी वागायला लागली.

इरा दुधासाठी रडायला लागली. मी बटणाकडे बघत होते, जेवणाच्या गाड्या निघाल्या होत्या, आता दाबावं की नको असा विचार करत होते. तेवढ्यात आईने मोठ्याने हाक मारली, "ए पोरी! आगं हिकडं ये जरा. लेकराला गरम पानी पायजे." पुढच्या तीन रांगांनी वळून पाहिलं. ती मुलगी आली. नशिबाने मराठी होती, साताऱ्याकडची. आईने तिच्या मनगटाला धरून विचारलं, "तुजी आय कुटं असती? सकाळपास्नं काय खाल्लंस का न्हाई? पाय दुकत आसतील उभं ऱ्हाऊन." आणि तिच्या हातात मूठभर शेंगदाणे दिले. ती मुलगी आईच्या सीटशी उकिडवी बसली आणि दोन मिनिटं बोलली. नंतर आईने पलीकडच्या एका आजोबांसाठी पांघरूण मागवलं, ते कुडकुडत होते म्हणून. जेवणं झाल्यावर तर ती उठून आजूबाजूचे ट्रे गोळा करायला लागली. "येकटी पोरगी किती उचलंल?"

समोरच्या सीटवरचा माणूस बायकोला काहीतरी म्हणाला आणि दोघंही हसले. ते आईलाच हसले की दुसऱ्या कशाला, मला माहीत नाही. मी आईला हाताला धरून खाली बसवलं. पुणेरी बाईंनी मला सांगितलं होतं ते सगळं मी तिला सांगितलं, पण त्यांच्या आवाजात नाही. माझा आवाज धारदार होता.

"आई, असं नाही बोलवायचं त्यांना. 'ए पोरी' काय? अंगाला हात नाही लावायचा. त्या काय आपल्या घरच्या आहेत? लोक बघतात. गावंढळ म्हणतात."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

एवढंच. लंडन येईपर्यंत तिने कोणालाही हाक मारली नाही. साताऱ्याची मुलगी जाता-येता तिच्याकडे बघून हसायची, तेव्हा आई आधी माझ्याकडे बघायची आणि मग हसायची. ते तिचं आधी माझ्याकडे बघणं मी तेव्हा पाहिलं होतं. पाहिलं, आणि मला बरं वाटलं होतं, की चला, समजलं हिला.

त्यानंतर चार वर्षं गेली. गेल्या वर्षी महेशची रात्रपाळी लागली, माझ्या ड्युट्या वाढल्या, आणि इराला शाळेतून आणायला माणूस मिळेना. मी आईला बोलावलं. तिची यायची इच्छा नव्हती. गुडघे दुखत होते, आणि मे महिन्यात घर सोडणं तिला जिवावर यायचं. भाताची रोपं टाकायच्या आत परत पाठवते, असं मी वचन दिलं तेव्हा तयार झाली. या वेळी ती एकटी येणार होती. मी व्हीलचेअरची सोय केली, सीट नंबर विचारून घेतला, पायात घालायचे घट्ट मोजे पाठवले. नर्स म्हणून जे जे सुचलं ते सगळं केलं. आणि निघायच्या आदल्या दिवशी, वॉर्डमधून, जेवणाच्या सुट्टीत फोन करून तिच्याकडून धडाही म्हणवून घेतला.

"उगा बोलवायचं न्हाई," आई म्हणाली. "अंगाला हात लावायचा न्हाई. जेवान वाढीत आसतील तवा मदीच काय मागायचं न्हाई. वरचं बटान लयच निकड आसंल तर. पिलीज म्हनायचं."

"शाब्बास," मी म्हणाले.

"आन् तान लागली तर गं?"

"त्या येतात पाणी घेऊन. फिरत असतात."

"आन् न्हाई आल्या तर?"

माझी सुट्टी संपत आली होती. "येतात म्हटलं ना आई. जरा थांबायचं. सगळ्यांचं बघायचं असतं त्यांना."

"बरं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विमानतळावर एक माणूस तिची व्हीलचेअर ढकलत बाहेर आला. मी तिला आधी ओळखलंच नाही. चेहरा राखेसारखा झाला होता, ओठांना भेगा पडल्या होत्या. मी वाकून मिठी मारली तर म्हणाली, "कुनालाच तरास दिला न्हाई बग." तिच्या आवाजात शाबासकी मिळेल अशी आशा होती. पहिलीतलं मूल पाटी दाखवतं, तशी.

गाडीत तिने एक बाटली पाणी एका दमात संपवलं, मग दुसरी अर्धी. मी विचारत गेले आणि ती सांगत गेली, काही विशेष घडलं नाही अशा सुरात. तिची सीट खिडकीशी होती. शेजारी दोन बाप्ये, दोघं झोपलेले. त्यांना उठवायचं कसं, म्हणून ती नऊ तासांत एकदाही जागची उठली नाही. उठावं लागू नये म्हणून पाणीही कमी प्यायली. जेवण आलं तेव्हा कप मिळाला होता, तो गुडघ्याच्या गोळीबरोबर संपला. नंतर तिचा डोळा लागला, तेव्हा पाणी येऊन गेलं असावं. जाग आली तेव्हा दिवे मंद होते. "येक पोरगी दोनदा गेली हितनं. म्हनलं, दमली आसंल."

मी म्हणाले, "अगं, मग हाक मारायची!"

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. माझं वाक्य तोंडातून गेल्यावर मला ऐकू आलं.

तिसऱ्या दिवशी तिचा डावा पाय सुजला होता. हे मला नंतर कळलं, इराकडून. "आजी म्हणाली आईला सांगू नको, ती कामावरून दमून येते." नऊवारीखाली सूज दिसत नव्हती आणि मी पाहिलंही नाही. दिवसभर मी परक्यांचे पाय तपासत होते. पाचव्या दिवशी सकाळी ती जिना चढताना मध्येच बसली, छातीला हात लावला, आणि तिला श्वास घेता येईना. ॲम्ब्युलन्स दहा मिनिटांत आली. पायातली गुठळी फुफ्फुसात गेली होती.

ज्या हॉस्पिटलात मी काम करते तिथेच तिला दाखल केलं, पण दुसऱ्या वॉर्डमध्ये. डॉक्टर एक तरुण मुलगी होती, बोलायला मऊ. तिने विचारलं, दुभाष्या बोलावू का? मी म्हणाले, गरज नाही, मी मुलगी आहे. त्या नकाराचा मला आज पश्चात्ताप होतो. दुभाष्याने आई बोलली तेच सांगितलं असतं.

डॉक्टरने विचारलं, लांबचा प्रवास झाला का, किती तास, मध्ये उठून फिरल्या का, पाणी प्यायल्या का. मी आईला मराठीत विचारायचे आणि उत्तर इंग्रजीत सांगायचे. डॉक्टर लिहून घेत होती. मग तिने मान वर करून, नुसतं कुतूहल म्हणून विचारलं, "पाणी मागितलं नाही त्यांनी? विमानातले लोक नाही म्हणाले का?"

मी आईला विचारलं. तिने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला.

"न्हाई गं बया. त्या पोरी गुनाच्या व्हत्या. म्याच न्हाई बोलवलं." ती दम घ्यायला थांबली. "सांग त्यास्नी. म्हनावं, माजी पोरगी बी तुमच्यावानीच शिकल्याली हाय. तिनं सांगितलं व्हतं, उगा बोलवायचं न्हाई म्हून. म्या ध्यानात ठिवलं."

असं म्हणून तिने डॉक्टरकडे बघितलं. डोळ्यांत कौतुक होतं. माझं.

डॉक्टर माझ्याकडे बघत वाट पाहत होती. मी म्हणाले, "शी इज अ बिट शाय."

डॉक्टरने मान हलवली आणि ते लिहिलं. माझी आई आयुष्यात लाजरी नव्हती. अनोळखी माणसांना हाताला धरून जेवायला बसवणारी बाई होती ती. इंग्लंडच्या कागदावर तिच्याबद्दल मी सांगितलेलं एवढंच लिहिलं गेलं, आणि ते खोटं होतं.

"काय सांगितलंस?" आईने विचारलं.

"तू म्हणालीस तेच."

तिने मास्क पुन्हा नीट लावला आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी इराला शाळेतून आणायला गेले होते तेव्हा फोन आला. शाळेच्या फाटकाशी उभी होते मी. मुलं ओळीने बाहेर येत होती. फोनवरचा आवाज ओळखीचा होता, आमच्याच मजल्यावर काम केलेली एक नर्स. ती पहिल्यांदा "सुमन, आय ॲम सॉरी" म्हणाली, आणि मला कळलं, कारण हे वाक्य कोणत्या आवाजात म्हणायचं ते आम्हाला शिकवलेलं असतं.

दहन तिथेच केलं. अस्थी घेऊन मी एकटी गावी आले. विमानात मी जागीच होते. एक हवाई सुंदरी दोनदा काही हवंय का विचारून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मीच तिला थांबवून विचारलं, कोणी सारखं बटण दाबलं, किंवा हाक मारून बोलावलं, तर तुम्हाला राग येतो का? तिला प्रश्न विचित्र वाटला असणार. ती हिंदीत म्हणाली, "चुटकी वाजवून बोलावतात त्याचा येतो मॅडम. पाणी मागितल्याचा कशाला येईल? कोणी तहानलेलं बसून राहिलं आणि सांगितलंच नाही, तर आम्हाला कळणार कसं?" मी अस्थींची पिशवी मांडीवर घट्ट धरली. ती पुढच्या रांगेकडे गेली.

इंद्रायणी पुढे मोठी होते, तिच्या काठी देवळं आहेत, घाट आहेत. आमच्या कुरवंड्यात ती नुसता ओहोळ असते, आणि मे महिन्यात तर जेमतेम ओल. दादाने उगमापाशीच एक जागा साफ करून ठेवली होती. आम्ही दोघांनी तिथेच विधी केला.

दादा माझ्याशी चांगला वागत होता, आणि तेच मला सहन होत नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा, "माज्या आयला त्यांनी थेंबभर पानी दिलं न्हाई. नऊ तास. अडानी बाई बगून दुर्लक्ष क्येलं." मी फोनवर त्याला अर्धवट सांगितलं होतं, की तिला विमानात पाणी मिळालं नाही. पुढचं त्याने स्वतः जुळवलं होतं, आणि मी जुळवू दिलं होतं. वलवणच्या एका ओळखीच्या वकिलाकडून त्याने विमान कंपनीच्या नावे तक्रार लिहून आणली. तेरावं झालं त्या दुपारी त्याने तो कागद माझ्यापुढे ठेवला. त्यात त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या सगळ्या मुलींवर कारवाई करा, असं लिहिलं होतं.

"हितं सही कर. तू न्यायला गेल्तीस. तुजी साक्ष लागंल."

पेन माझ्या हातात होतं. वहिनी दारात तांदूळ निवडत बसली होती. मी तो कागद पूर्ण वाचला, आणि मग म्हणाले, "दादा, त्यांनी पाणी नाकारलं नाही. आईने मागितलंच नाही."

"का न्हाई मागितलं? तिला काय त्वांड न्हवतं?"

"मी सांगितलं होतं, मागू नको म्हणून."

मग मी सगळं सांगितलं. शेंगदाणे, ट्रे, समोरचं जोडपं हसलं ते, मी फोनवर म्हणवून घेतलेला धडा. डॉक्टरला काय सांगितलं तेही. दादा ऐकत होता. माझं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "लाज वाटली तुला आयची?"

"हो."

त्याने कागद उचलला, चार घड्या घातल्या, खिशात ठेवला आणि चपला न घालता बाहेर गेला. ती तक्रार त्याने पाठवली नाही. पण पुढचे तीन दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी समोर आले तर वाट सोडून जायचा.

तिसऱ्या दिवशी मी चुलीपाशी वहिनीबरोबर बसले होते. ती भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, येक सांगू? मला हितं येऊन तेरा वर्सं झाली. आत्यांनी मला येकदा बी म्हनलं न्हाई, पानी दे म्हून. ताप असला तरी सोता उठून घ्यायच्या. दुसऱ्यासाठी कुनाला बी हाक मारायच्या. सोतासाठी न्हाई. आन् म्या बी कदी इचारलं न्हाई, की आत्या, तुमाला काय होवं का." तिने भाकरी तव्यावर टाकली. "तुमी सांगितलं नसतं तरी त्यांनी मागितलं आसतं का, मला काय ठावं न्हाई."

मी आठवून पाहिलं. पहिल्या प्रवासात तिने गरम पाणी मागितलं ते इरासाठी. पांघरूण त्या आजोबांसाठी. स्वतःसाठी काय मागितलं होतं? काहीच आठवेना. वहिनीने हे मला सोडवण्यासाठी सांगितलं, हे मला कळतं. पण मी त्यातून सुटले नाही. कदाचित आईने तशीही हाक मारली नसती. कदाचित दुसऱ्यांदा ती मुलगी शेजारून गेली तेव्हा आईचं तोंड उघडलं असेल, आणि मग तिला माझं बोलणं आठवलं असेल. मला हे कधीच कळणार नाही, आणि न कळण्याबरोबर राहायचं आहे.

इतकी वर्षं परदेशात कोणी विचारलं, तुम्हाला घराची आठवण येते का, तर मी सांगायचे, घर म्हणजे जिथे काही मागावं लागत नाही. माझं ते ठरलेलं उत्तर होतं. ऐकणाऱ्यांना आवडायचं. आता मला वाटतं, मला मागावं लागत नव्हतं, कारण आई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या तोंडाकडे कोणी बघत नव्हतं. त्या घरात मी बावीस वर्षं राहिले आणि तिला तहान कधी लागते ते मला माहीत नाही.

तुम्ही जे माझ्यासारखे गेलात, आणि आता आई-वडिलांना विमानात बसवून बोलावणार आहात, तुम्हाला मी काय सांगू? रीतभात शिकवा, ती वाईट नाही. पण त्याआधी एवढं सांगा, की तुला जे वाटेल त्या शब्दांत हाक मार. कोणी हसलं तर हसू दे.

मी निघाले त्या सकाळी वहिनीने पंगत घेतली नाही. अंगण रिकामं होतं. बॅगा गाडीवाल्यानेच चढवल्या. वहिनीने ओटी भरली, माझ्यावरून हात उतरवून कानशिलावर बोटं मोडली. दादा गोठ्याकडे तोंड करून उभा होता. मी त्याच्या पाया पडायला गेले तर त्याने पाय मागे घेतला नाही, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. मी गाडीत बसले. गाडी वळणापर्यंत गेली आणि ड्रायव्हरने ब्रेक दाबला. मागून दादा चालत येत होता, घाई न करता. तो खिडकीशी आला. माझ्याकडे न बघता, गाडीच्या टपावर हात ठेवून, समोरच्या डोंगराकडे बघत म्हणाला, "पोचलीस की फोन कर."

"करते."

"लगी कर. इसरू नगं."

आणि तो वळून चालायला लागला.

माझं गाव आता एवढंच उरलं आहे. एक माणूस, जो माझ्यावर रागावला आहे, आणि तरीही मी सुखरूप पोचले की नाही हे कळल्याशिवाय ज्याला चैन पडणार नाही.